चिठ्ठीवर जाऊ नका: जुन्या व्हायोलिनचं वय ठरवताना या चुका टाळा

पेटी उघडायची, डाव्या एफ-होलमधून (एफ अक्षराच्या आकाराच्या फटीतून) टॉर्च मारायचा आणि आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर ‘अँटोनियुस स्ट्राडिव्हेरियुस क्रेमोनेन्सिस, आन्नो १७२१’ असं काहीतरी वाचून नातेवाइकांना फोन करायचे, ही पहिली चूक. इटलीतल्या क्रेमोनाचा नामांकित व्हायोलिन-कारागीर स्ट्राडिव्हेरी १७३७ साली वारला. त्याची साधारण साडेसहाशे वाद्यं आज उरली आहेत आणि बहुतेकांचा ठावठिकाणा नोंदलेला आहे. त्याच्या नावाच्या चिठ्ठ्यांची मात्र मोजदाद नाही. जर्मनीतलं मार्कनॉयकिर्खेन, मिटेनवाल्ड, फ्रान्समधलं मिरकूर इथे एकोणिसाव्या शतकात व्हायोलिनं घाऊक बनू लागली आणि आत अशा चिठ्ठ्या छापून डकवल्या गेल्या. दर वेळी फसवायचा हेतू असायचा असं नाही; वाद्य कुणाच्या नमुन्यावर बेतलंय एवढंच बऱ्याचदा सांगायचं असे.

त्यापेक्षा चिठ्ठीची तळची ओळ वाचा. तिथे इंग्रजीत ‘जर्मनी’ असेल तर वाद्य बहुधा १८९१ नंतरचं. अमेरिकेने १८९० च्या मॅकिन्ले कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, तेव्हापासून ही ओळ आली. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर १९१८ च्या आधीचं असूच शकत नाही, कारण तो देशच नव्हता. पाठीवर ‘स्टायनर’ असा ठसा दिसला तरी हुरळू नका. याकोब स्टायनर हा टिरोलचा नामांकित व्हायोलिन-कारागीर, १६८३ मध्ये गेला. हे ठसे बहुतेक कारखान्यातलेच.

काळं पडलं म्हणजे जुनं, हा दुसरा गैरसमज. कारखानेच नव्या वाद्यावर काळपट व्हार्निश चोळून, मुद्दाम ओरखडे काढून ते ‘जुनं’ करत. खरी झीज हात लागतो तिथेच असते: हनुवटी टेकते तिथे, आणि वरच्या पट्ट्या वाजवताना डाव्या तळव्याची कड घासते त्या उजव्या खांद्यावर. ज्या कोपऱ्याला कुणाचा हात पोचत नाही तिथलंही पॉलिश तेवढंच उडालेलं असेल, तर शंका घ्या. मग काठाने फिरणाऱ्या दुहेरी काळ्या रेघेवर भिंग धरा. चांगल्या वाद्यात ती लाकडाची पातळ पट्टी खाचेत बसवलेली असते. स्वस्तातल्यात नुसती शाईने ओढलेली. काठ झिजला की तीही पुसली जाते. माझ्या मते दहा चिठ्ठ्यांपेक्षा ही एक रेघ जास्त बोलते.

लाकडाची वलयं मोजून वय काढता येतं हे खरं, पण त्यावरून झाड निदान कधीपर्यंत वाढत होतं तेवढंच कळतं. वाद्य त्याआधीचं नसतं; नंतरचं कितीही असू शकतं. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयातल्या, स्ट्राडिव्हेरीच्या मानल्या जाणाऱ्या ‘मसाया’ व्हायोलिनवर १७१६ साल आहे आणि लाकडाचं शेवटचं वलय १६८० च्या दशकातलं निघालं. साल त्याच्याशी जुळतं, पण करणाऱ्याचं नाव वलयात लिहिलेलं नसतं.

आकाराने लहान म्हणजे पुरातन, असंही काही जण धरून चालतात. नाही. पूर्ण व्हायोलिनची पाठ सुमारे ३५५ मिलिमीटर. लहान असेल तर ते बहुधा मुलांसाठीचं.

आता खास आपल्या गोव्याकडची चूक. घरात व्हायोलिन, म्हणजे पोर्तुगालहून आलेलं! चर्चच्या शाळांतून गोव्यात सूर-लिपी आणि व्हायोलिन रुजलं, ते पोर्तुगीज काळातच. पण वाद्यं तेवढ्या एका वाटेने आली नाहीत. गोंयकार वादक मुंबईच्या हॉटेलांत, फिल्मी ऑर्केस्ट्रांत, कराचीला, पूर्व आफ्रिकेत, बोटींवर वाजवत होते आणि मिळेल तिथून वाद्य घेत होते. म्हणून आजोबा कुठे नोकरीला होते ते आधी विचारा. जुने फोटो, पावत्या, पेटीच्या अस्तरातलं दुकानाचं नाव जपून ठेवा. पण दुकानाचं नाव वाद्य कुठे विकलं गेलं ते सांगतं, कुठे बनलं ते नव्हे. आणि पेटी तर दहा वेळा बदललेली असते.

पावसाळ्यात जोड सुटला म्हणून वाद्य गावच्या मेस्ताकडे, म्हणजे सुताराकडे, नेऊ नका. व्हायोलिन सरसाने (जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनच्या गोंदाने) जोडतात, कारण ऊब आणि ओल दिली की सरस सुटतो आणि वाद्य न मोडता उघडता येतं. पांढऱ्या गोंदाने चिकटवलं की पुढच्या वेळी लाकूडच फाटतं. पॉलिश करून चकाचक करणं त्याहून वाईट, कारण मूळ व्हार्निश गेलं की ओळख पटवायचा पुरावाही गेला. चिठ्ठी सोलून काढणं तर नकोच, मग ती खोटी का असेना.

जाणकाराला फोटो पाठवताना नुसती चिठ्ठी पाठवू नका. दिवसाउजेडी, फ्लॅश न मारता काढा: पुढून, मागून, कुशीवरून, डोक्याची वळी दोन्ही बाजूंनी आणि एफ-होल जवळून. चिठ्ठीचा फोटो शेवटी जोडा.