कांदा बीजोत्पादन: पेट्या मागवण्याआधी शेजारचे डोंगळे पाहा

बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याला डोंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, आलेत, थोड्याच दिवसांत त्यांच्या टोकाचे फुलांचे गोंडे उमलतील. या दिवसांत जो तो एकच विचारतो, एकरी मधमाश्यांच्या पेट्या किती ठेवू? त्याआधी शेताच्या चारही बाजूंना किलोमीटरभर फिरून या. दुसऱ्या कांद्याचे डोंगळे कुठे उभे आहेत ते पाहा.

कांद्याच्या फुलात पराग आधी झडतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो. म्हणून पराग दुसऱ्या फुलावरून आणावा लागतो, आणि ते काम मुख्यतः माशीचं. ते फूल त्याच गोंड्यातलं असेल, नाहीतर ओढ्यापलीकडच्या शेतातलं. माशी एका फेरीत सहसा एकाच पिकावर फिरते, पण तिच्या लेखी उन्हाळ कांद्याची एन-२-४-१ जात आणि खरिपाची बसवंत ७८० हा एकच कांदा. उन्हाळ कांद्याच्या बियाण्यात खरीप जातीचा पराग शिरला, तर पुढं तो कांदा चाळीत तितका टिकत नाही आणि आपण चाळीला नावं ठेवतो.

प्रमाणित बियाण्यासाठी दोन जातींत किमान ५०० मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी (ज्यापासून पुढं प्रमाणित बियाणं करतात) १००० मीटर अंतर लागतं. पण हे किमान आहे. बांधावरच्या बोरीत पोळं करणारी छोटी फुलोरी फार लांब जात नाही. सातेरी साधारण किलोमीटर-दीड किलोमीटर फिरते. आग्या आणि पेटीतली युरोपीय माशी मेलिफेरा मात्र त्याहून लांब सहज जातात. आग्याला पेटीत ठेवता येत नाही, तिची वाटही अडवता येत नाही. म्हणून शेजाऱ्याशी बोलून शिवारात एकच जात धरलेली बरी. एवढ्यासाठी आग्याची पोळी जाळू नका; तुमचं बरंचसं बी तीच भरते.

शेजारच्या खाण्याच्या कांद्यात अवेळी आलेले डोंगळे सगळ्यात धोक्याचे, आणि तिकडे कुणाचं लक्षच नसतं. लवकर डोंगळा येण्याचा दोष काही अंशी वाणातच असतो. तो पराग तुमच्या बियाण्यात आला की तोच दोष पुढं तुमच्या गिऱ्हाइकाच्या शेतात दिसतो. शेजाऱ्याला विचारून ते फुलण्याआधीच मोडून टाका.

एवढं झालं की पेट्या आणा. मेलिफेराच्या एकरी दोन-तीन पुरतात. दहा टक्के फुलं उमलल्यावरच, रात्री आणून ठेवा. कांद्याच्या मधुरसात पोटॅशियम जास्त असतं, त्यामुळे माशीला तो फारसा आवडत नाही. पेट्या आधी आणल्या तर ती जवळच्या मोहरी-कोथिंबिरीला लागते. पेट्या आदल्या दिवसापर्यंत दुसऱ्या कांद्यात होत्या का, हेही पेटीवाल्याला विचारा. गुळाचं पाणी मात्र फवारू नका, माशी पात चाटत बसते.

फुलकिड्यांची फवारणी गोंडे उमलण्याआधीच उरका. नंतर करावीच लागली तर सूर्य मावळल्यावर, पेटीवाल्याला आधी सांगून करा. इमिडाक्लोप्रिड आणि फिप्रोनिल ही कीटकनाशकं फुलोऱ्यात नकोच.

एवढं करूनही एखाद्या बाजूला परका कांदा राहिलाच, तर त्या कडेच्या चार-पाच ओळींचे गोंडे वेगळे खुडा. बाहेरून आलेली माशी बहुतेक वेळा तिथंच आधी बसते. ते बी विकू नका, घरच्या पातीच्या कांद्याला वापरा.