स्लेयरचा 'रेन इन ब्लड' पहिल्यांदा कसा ऐकावा

थ्रॅश मेटल, म्हणजे मेटलचा अतिवेगवान प्रकार, ऐकून बघायचंय, पण दोन गाण्यांत डोकं भणभणतं, असं म्हणणाऱ्याला मी नेहमी स्लेयर या अमेरिकन बँडचा 'रेन इन ब्लड' हाच अल्बम सुचवतो. गाणी दहा आणि सगळी मिळून 29 मिनिटांची. भणभण सुरू होईतो अल्बम संपलेला असतो. त्याच वर्षी, 1986 मध्ये, मेटॅलिकाचं 'मास्टर ऑफ पपेट्स' हे एकच गाणं साडेआठ मिनिटांचं होतं. स्लेयरची यातली काही गाणी दोन-सव्वादोन मिनिटांत आटोपतात.

(नावात गंमत आहे. इंग्रजीत हे 'रेन' म्हणजे राज्य. शेवटच्या 'रेनिंग ब्लड' या गाण्यातलं 'रेन' म्हणजे पाऊस. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे इंग्रजी नावातली कोटी आपल्याला लिहितानाच सापडते.)

आधी तयारी. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. साधे का होईना, पण हेडफोन घ्या. अ‍ॅपमधलं शफल बंद करा आणि क्रॉसफेडही (एक गाणं दुसऱ्यात विरघळवणारी सोय) शून्यावर आणा. 'ऑल्टर ऑफ सॅक्रिफाइस' थेट 'जीझस सेव्ह्ज'मध्ये जातं, 'पोस्टमॉर्टेम' थेट 'रेनिंग ब्लड'मध्ये. हे सांधे मोडले तर अर्धी मजा गेली. नंतरच्या आवृत्त्यांत शेवटी दोन जादा गाणी जोडलेली असतात. ती पहिल्या वेळी वाजू देऊ नका.

पहिल्या फेरीत शब्दांच्या मागे लागू नका. गायक टॉम अराया इतक्या भरभर अक्षरं कोंबतो की ती सहजी कळतच नाहीत. फक्त स्नेअर ड्रमचा 'टक्' धरा. ड्रमर डेव्ह लोंबार्डो तो मिनिटाला दोनशेच्या वर चाललेल्या लयीत वाजवतो. बोटानं मांडीवर ठेका धरायला गेलात तर हात दमेल. दमला की निम्म्या लयीत धरा. गाणं तिथेही बसतं.

दुसऱ्या फेरीत पहिलंच गाणं, 'एंजल ऑफ डेथ', दोन-तीनदा ऐका. घाई करू नये अशी जागा ही एकच. सुरुवातीला चौगुनीतली धाव आणि अरायाची ती प्रसिद्ध किंकाळी. मग मध्यावर गाणं एकदम ठाय लयीत उतरतं आणि एक जड, डुलणारी रिफ (पुन्हा पुन्हा वाजणारा गिटारचा तुकडा) येते. तिच्यावर मान आपोआप हलते. हीच रिफ पब्लिक एनिमी या हिप-हॉप गटानं 1988 मध्ये आपल्या गाण्यासाठी उचलली. वेगामुळे अल्बम गाजला हे खरं, पण माझ्या मते त्याची ताकद या उतारात आहे. सतत पळणारं संगीत दोन मिनिटांनी सपाट वाटायला लागतं. मध्येच थांबवून पुन्हा सोडलं की वेग नव्यानं अंगावर येतो. त्याच गाण्यात शेवटाकडे बाकी सगळे गप्प होतात आणि लोंबार्डोचे दोन पाय दोन बास ड्रमवर एकटे धावतात. ती काही सेकंदं चुकवू नका.

तिसरी पायरी तुलनेची. स्लेयरचाच आधीचा, 1985 चा 'हेल अवेट्स' लावा आणि त्याचं शीर्षकगीत दोन मिनिटं ऐका. गुहेत वाजवल्यासारखा घुमारा आहे ना? आता परत 'रेन इन ब्लड'वर या. घुमारा जवळजवळ गायब. निर्माता रिक रुबिन तोवर हिप-हॉपचा माणूस होता. रेकॉर्डिंग इंजिनिअर अँडी वॉलेस. घुमारा ठेवला असता तर इतक्या वेगात एका सुराची शेपटी पुढच्या सुरावर पडली असती आणि सगळ्याचा काला झाला असता. कोरड्या आवाजात मात्र तळव्यानं तारा दाबून वाजवलेला प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. पुढच्या कित्येक मेटल बँडनी वेगाइतकाच हा कोरडेपणाही उचलला.

सोलोंबद्दल थोडक्यात. गिटारवादक केरी किंग आणि जेफ हॅनमन यांचे सोलो सुरेल नाहीत. त्यांत धून शोधलीत तर निराश व्हाल. गिटारला बसवलेली व्हॅमी दांडी दाबून सूर वाकवत काढलेले ते चीत्कार आहेत. सायरन ऐकावा तसे ऐका.

शब्द मग वाचा, आणि जपून वाचा. 'एंजल ऑफ डेथ' हे आउश्वित्झ या नाझी छळछावणीतला डॉक्टर योझेफ मेंगेले आणि त्याच्या अमानुष प्रयोगांबद्दल आहे. गाणं कृत्यं सांगत जातं, निषेध वेगळा उच्चारत नाही. बँडवर नाझींबद्दल सहानुभूतीचा आरोप झाला, तो त्यांनी नाकारला. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीनं हा अल्बम बाजारात आणायला नकार दिला आणि वितरण शेवटी गेफेन या दुसऱ्या कंपनीकडे गेलं. मला संगीत मोहवतं आणि हे शब्द अजूनही टोचतात. दोन्ही एकदम होतं. तुम्हाला ते गाणं वगळावंसं वाटलं, तर खुशाल दुसऱ्यापासून सुरू करा.

शेवटची फेरी शेवटच्या दोन गाण्यांची. 'पोस्टमॉर्टेम' मध्यम लयीत सुरू होतं, मग उधळतं आणि कापल्यासारखं तुटतं. लगेच 'रेनिंग ब्लड': मेघगर्जना, पाऊस, गिटारचं विव्हळणं आणि त्यावर ड्रमचे तीन-तीन धपके, दारावर कुणीतरी थाप मारावी तसे. नंतर येणारी ती सरपटती रिफ मेटल न ऐकणाऱ्यांनीही कुठे ना कुठे ऐकलेली असते. गाणं गोंधळाच्या टोकाला जाऊन फुटतं आणि मागे फक्त पाऊस पडत राहतो. बोट लगेच स्क्रीनवर नेऊ नका. पाऊस थांबेपर्यंत हेडफोन कानांवरच असू दे.