स्टिरिओ अँपला जोडीदार रिसिव्हर निवडताना

घरातला स्टिरिओ अँप छान वाजतोय आणि आता सिनेमासाठी सराउंड हवाय, असं म्हटलं की हमखास सल्ला मिळतो: 'जास्त वॉटचा रिसिव्हर घ्या.' ऐकू नका. रिसिव्हर म्हणजे सिनेमाचा आवाज वेगवेगळ्या स्पीकरांना वाटून देणारा डबा, पण समोरचे दोन स्पीकर तुमचा अँपच वाजवणार. रिसिव्हरच्या वाट्याला उरतात सेंटर (संवादांचा मधला स्पीकर) आणि मागची जोडी.

रिसिव्हरच्या पाठीचा फोटो मोठा करून पाहा. 'प्री-आउट'च्या (बाहेरच्या अँपला सिग्नल देणाऱ्या सॉकेटांच्या) रांगेत 'फ्रंट' लिहिलेली लाल-पांढरी आरसीए सॉकेटं दिसायला हवीत. स्वस्त मॉडेलांत बऱ्याचदा फक्त सबवूफरचं प्री-आउट असतं, तेव्हा नुसत्या शब्दाला भुलू नका. फ्रंट नसेल तर मॉडेल बाद. स्पीकर टर्मिनलवरून थेट अँपच्या लाइन इनपुटला वायर ओढण्याची 'युक्ती' सांगणाऱ्याचं तर अजिबात ऐकू नका, इनपुट जळेल.

एचडीएमआय, ईएआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधूनच रिसिव्हरला देणारी सोय) टीव्हीशी जुळतंय ना? पुढे चला.

आता खरी गोम. अँपला 'एचटी बायपास' (होम थिएटर बायपास) इनपुट असेल तर फ्रंट प्री-आउटची वायर तिथे लावा, सुटलात. त्या इनपुटवर अँपचा व्हॉल्यूम बाजूला पडतो आणि आवाज रिसिव्हरच सांभाळतो. तिथे चुकूनही सीडी प्लेयर लावू नका, अँप पूर्ण ताकदीने ओरडेल.

बायपास नसेल तर साधा ऑक्स इनपुटही चालतो, पण सिनेमाच्या वेळी नॉब कायम एकाच जागी हवा. मी इथेच आपटलो. रिसिव्हरचा माइक लावून कॅलिब्रेशन (सगळ्या स्पीकरांच्या आवाजाची मोजून जुळणी) केलं, सगळं झकास. दुसऱ्या दिवशी गाणी ऐकताना नॉब फिरवला आणि विसरलो. रात्री सिनेमात संगीत दणदणीत, संवाद गायब! महिनाभर बिचाऱ्या सेंटर स्पीकरला शिव्या घातल्या, नवा घ्यायलाही निघालो होतो.

तेव्हा नॉब घड्याळातल्या अकराच्या जागी आणा, तिथे टेपचा बारीक तुकडा चिकटवा आणि मगच माइक लावा. टोन कंट्रोल, लाउडनेस आधीच बंद करा, नाहीतर मोजलेलं फुकट. नंतर रिसिव्हरच्या मेनूत फ्रंटची लेव्हल बघा. बहुतेक रिसिव्हरांची हद्द उणे १२ डेसिबल असते. आकडा तिथे जाऊन टेकला असेल तर नॉब जास्त उघडा आहे. थोडा मागे घ्या, टेप सरकवा, पुन्हा मोजा. उणे ३ ते अधिक ३ च्या आत आला की माझ्या मते पुरे. गाणी ऐकून झाली की नॉब परत टेपवर.

सुरू करताना आधी रिसिव्हर, मग अँप. बंद करताना उलट. स्पीकरमधून घूंऽऽ ऐकू आलं तर केबल टीव्हीची वायर काढून पाहा. पुष्कळदा चोर तिथेच सापडतो.