कॉड नसेल तर पोलॉक आणा, फक्त आधी त्याचं पाणी काढा

बडोद्यात बसून फिश अँड चिप्सचे (पिठात तळलेला मासा, बहुतेकदा कॉड, आणि बटाट्याच्या फोडी) व्हिडिओ बघणाऱ्यांसाठी हे लिहितेय, आणि ज्यांची पोरं शिकायला यूके-कॅनडाला गेलीयेत आणि तिथल्या सुपरमार्केटमधून फोटो पाठवून "आई कॉड लय महाग आहे, हा पोलॉक घेऊ का" विचारतात त्यांच्यासाठी पण. घे म्हणावं. दोन्ही एकाच कुळातले मासे, अलास्का पोलॉकचं शास्त्रीय नाव गॅडस काल्कोग्रामस आणि अटलांटिक कॉडचं गॅडस मोरुआ, म्हणजे आडनाव एकच, घरं वेगळी. अमेरिकेतल्या मॅकडोनाल्डच्या फिले-ओ-फिशमध्ये अलास्काचा पोलॉकच असतो, क्रॅब स्टिक म्हणून जे गुलाबी-पांढरं काहीतरी विकतात त्यातही बऱ्याचदा हाच, खेकडा नावालाच.

कॉड महाग का, तर अटलांटिकमध्ये तो इतका उपसला की १९९२ मध्ये कॅनडाने न्यूफाउंडलंडची कॉडची मासेमारीच बंद केली, ती बंदी उठायला २०२४ उजाडलं. अलास्काचा पोलॉक मात्र बेरिंग समुद्रात कोटा लावून पकडतात आणि त्याला २००५ पासून एमएससीचा, म्हणजे मासे संपणार नाहीत अशा बेताने पकडलेत असं सांगणारा, निळा शिक्का आहे. तिकडच्या पोरांनी एक बघायचं, युरोपातला पोलॅक म्हणजे पोलॅकियस पोलॅकियस हा वेगळा मासा आहे, चवीला छानच, पण इंग्लंडच्या आसपास त्याची अवस्था एवढी वाईट झालीये की शास्त्रज्ञांनी २०२४ साठी तो पकडूच नका असा सल्ला दिला होता. म्हणून पाकिटावर शास्त्रीय नाव वाचा आणि अलास्काचा घ्या.

इथे बडोद्यात ताजा मिळायचा प्रश्नच नाही, आपल्याकडे वेरावळचा पापलेट-सुरमई येतो तो खा ना ताजा. पोलॉक म्हणजे फ्रोजन फिलेट, कातडी-काटे काढून गोठवलेला तुकडा, ऑनलाइन मागवायचा, कधी असतो कधी नसतो. घेताना बर्फ सोडून निव्वळ वजन किती ते बघा कारण फिलेटवर बर्फाचा थर दिलेला असतो आणि तो आपण माशाच्या भावाने घेतो. घटकांमध्ये नुसता मासा लिहिलेला असेल तर उत्तम, ई ४५१ किंवा ई ४५२ असं काही दिसलं तर ते फॉस्फेट, ते पाणी धरून ठेवतं, असला मासा तव्यावर टाकला की तळायच्या ऐवजी उकडायलाच लागतो.

आता खरी गोष्ट. पोलॉकबद्दल लोकांची रड एकच, पाणी सुटतं आणि भुगा होतो. यात माशाचा दोष कमी आणि आपल्या सवयीचा जास्त. आपण सगळे काट्याच्या, कातडीच्या, तेलकट माशावर वाढलोय, सुरमईची तुकडी अर्धा तास मसाल्यात ठेवली काय आणि तव्यावर चार वेळा उलटली काय, तिला फरक पडत नाही. पोलॉकच्या फिलेटला कातडी नाही, काटा नाही, चरबी १०० ग्रॅममध्ये जेमतेम एक ग्रॅम आणि बाकी बहुतेक पाणीच. कॉडचा जाड तुकडा असेल तर त्याचे मोठे मोठे पापुद्रे सुटतात, पोलॉकचे बारीक सुटतात, म्हणून तो लवकर शिजतो आणि लवकर बिघडतो.

तर आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून चाळणीत ठेवा, चाळणीखाली भांडं, वर झाकण, आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. ओट्यावर ठेवायचा नाही, मे महिन्यातल्या बडोद्यात तर अजिबातच नाही, आणि गरम पाण्यात टाकायचा नाही. सकाळी भांड्यात वाटीभर पाणी दिसलं तर घाबरू नका, ते तव्यावर सुटण्यापेक्षा इथे सुटलेलं बरं. मग ४०० ग्रॅम फिलेटला एक सपाट छोटा चमचा मीठ दोन्हीकडून लावून १५-२० मिनिटं परत फ्रीजमध्ये, मीठ पाणी ओढून काढतं आणि मांस घट्ट होतं. नंतर धुवायचं नाही!! टिश्यूने नाहीतर स्वच्छ जुन्या पंच्याने दाबून दाबून कोरडं करायचं, आणि पुढे मसाल्यात मीठ जवळजवळ घालायचंच नाही. ही पायरी सोडणार असाल तर बाकीचं वाचू नका, खरंच.

तव्यावर करायचा तर आमच्या सीकेपी घरातलं हिरवं वाटण, आलं लसूण मिरची कोथिंबीर, पण पाणी न घालता वाटलेलं आणि पातळ थराने लावलेलं. लिंबू किंवा कोकमाचं आगळ आधी लावून मुरवत ठेवू नका, आंबटाने हा मासा भुसभुशीत होतो, लिंबू पानात पिळा. वरून रवा आणि तांदळाचं पीठ निम्मं निम्मं, दाबून. शेपटीकडचा पातळ भाग खाली दुमडून घ्या म्हणजे जाडी सारखी होते. लोखंडी तवा चांगला तापलेला, सिंगतेल जरा सढळ, आणि टाकल्यावर दोन मिनिटं हात लावायचा नाही. खाली कवच धरलं की तो स्वतःच सुटतो, मग रुंद उलथन्याने एकदाच उलटायचा, अजून दीड-दोन मिनिटं, झालं. कच्चा असताना जरा करडा दिसतो, पूर्ण पांढरा झाला आणि सुरीच्या टोकाने पापुद्रा सुटला की काढा. थर्मामीटर असेल तर ६३ अंश.

फिश अँड चिप्सच्या सगळ्या रेसिप्या बिअर घाला म्हणतात, आता गुजरातमध्ये बिअर कुठून आणायची 😄 काही अडत नाही, बिअरचं मुख्य काम बुडबुड्यांचं आहे, ते फ्रीजमधला गार सोडा करतो. एक वाटी मैदा, पाव वाटी तांदळाचं पीठ, अर्धा चमचा बेकिंग पावडर, मिरपूड, चिमूट मीठ, आणि तेल तापल्यावरच, आधी नाही, सोडा ओतून भज्याच्या पिठापेक्षा किंचित पातळ भिजवायचं. गुठळ्या राहिल्या तरी राहू दे, घोटत बसलात तर कवच चिवट होतं. बेसन घालायचा मोह होईल पण घालू नका, माशाची चव फार हळुवार आहे, बेसनात ती सापडत नाही आणि मग भजीच खाल्ल्यासारखं वाटतं. तुकडे आधी कोरड्या मैद्यात घोळवा म्हणजे पीठ घसरत नाही. तेल १८० अंश, चार-पाच मिनिटं, एका वेळी दोन-तीनच तुकडे.

पण मला स्वतःला विचाराल तर हा मासा तळण्यापेक्षा पारशी पद्धतीने केळीच्या पानात जास्त चांगला होतो. पात्रानी मच्छी पापलेटची करतात हे मान्य, पण पोलॉकची अडचणच मुळात सुकण्याची आणि तुटण्याची आहे आणि पान ते दोन्ही सांभाळतं. ओलं खोबरं, कोथिंबीर, पुदिना, हिरव्या मिरच्या, लसूण, जिरं, साखर आणि लिंबू यांची घट्ट चटणी, वाफवायच्या अगदी आधी दोन्हीकडून जाड थापायची, पान गॅसवर फिरवून मऊ करायचं, पुडी बांधायची आणि ढोकळ्याच्या कुकरमध्ये १०-१२ मिनिटं. खोबऱ्यातली चरबी माशाची कमी भरून काढते. आणखी एक फायदा, शेजारी शाकाहारी असतील (आपल्याकडे असतातच) तर तळणीचा वास जिन्यात जात नाही. कुकरच्या थाळ्या मात्र नंतर लिंबाने घासा, नाहीतर रविवारचा ढोकळा कोणी खाणार नाही.

कालवण किंवा तिखलं करायचं तर रस्सा आधी पूर्ण उकळून, चिंच-कोकम सगळं घालून, चव बघून तयार करा आणि मासा अगदी शेवटी. गॅस बारीक, झाकण, चार मिनिटं. चमचा घालायचाच नाही, पातेलं पकडीने धरून गोल हलवायचं. मोठे तुकडे ठेवा, लहान केले तर रश्श्यात शोधत बसाल.

आणि एकदा वितळलेला कच्चा मासा परत फ्रीझरमध्ये टाकू नका, सगळाच शिजवून टाका. उरलेल्याचे, तुटलेल्याचे कटलेट करा, माशाच्या निम्मा उकडलेला बटाटा, मिरची, कोथिंबीर, थोडं आलं, रव्यात घोळवून तव्यावर. काटे नसल्यामुळे पोरांच्या डब्यात पोळीत गुंडाळून देता येतात, हे तर सुरमईलाही जमत नाही.