मैदान सुटल्यावर अभिनयाकडे वळताना : सीमाभागातील खेळाडूंसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत कुस्ती आणि कबड्डी खेळणाऱ्या अनेक मुलामुलींचा खेळ ऐन उमेदीत एका दुखापतीने थांबतो. त्यांतील काहींच्या मनात अभिनयाचा विचार येतो. शरीर कमावलेले असते आणि गर्दीसमोर उभे राहण्याची भीती मोडलेली असते, त्यामुळे हा विचार मुळीच वावगा नाही. परंतु तो अमलात कसा आणावा हे सांगणारे माणूस जवळपास सहसा भेटत नाही. हौशी नाटके बसवताना अशा मुलांबरोबर जे शिकलो, त्याच्या आधारे हे लिहीत आहे.

सर्वप्रथम दुखापत पूर्ण बरी होऊ द्यावी. गुडघ्यातील एसीएल या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाल्यास मैदानात परतायला साधारणतः ९ महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो, आणि नाटकातही धावणे, पडणे, उकिडवे बसणे असतेच. म्हणून ‘नाटकच तर आहे’ असे समजून फिजिओथेरपी अर्धवट सोडू नये. कोणत्या हालचाली चालतील आणि कोणत्या टाळायच्या, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे व पहिल्याच तालमीत दिग्दर्शकाला सांगावे. संघातून नाव जाईल या धास्तीने खेळाडूला दुखणे लपवण्याची खोड लागलेली असते. दिग्दर्शकाला आधी कळले, तर तो हालचाल बदलून देतो. प्रयोगाच्या दिवशी कळले, तर सर्वांचाच खोळंबा होतो.

लपवण्याची ही सवय याहूनही खोल गेलेली असते, आणि माझ्या मते खरी मेहनत तिच्यावरच घ्यावी लागते. डाव टाकण्याआधी तो डोळ्यांत दिसला, तर समोरचा पैलवान सावध होतो. त्यामुळे चेहरा कोरा ठेवणे हे मल्लाच्या अंगवळणी पडलेले असते. नटाला मात्र मनात आलेली गोष्ट, कृती होण्याआधी क्षणभर का होईना, प्रेक्षकाला दिसू द्यावी लागते. यासाठी घरातील एखाद्या माणसाला समोर बसवावे, खुर्चीत बसून उठण्याचा निर्णय मनात घ्यावा, आणि तो निर्णय नेमका कधी दिसला हे त्याला विचारावे. आरशासमोर हा सराव करू नये, कारण तिथे माणूस स्वतःलाच पाहत राहतो.

खानापूर तालुक्यातील एक चढाईपटू आमच्या तालमीला येत असे. शेत विकायला निघालेल्या वडिलांना मुलगा अडवतो, असा चार ओळींचा संवाद त्याला दिला होता. त्याने चारही ओळी एका दमात म्हणून टाकल्या आणि छाती धरून उभा राहिला. वर्षानुवर्षे ‘कबड्डी कबड्डी’ म्हणताना दम सोडायचा नाही, हेच तो शिकला होता. प्रत्येक वाक्यानंतर वडिलांकडे पाहा आणि पाहून झाल्यावरच श्वास घे, एवढेच त्याला सांगितले. तिसऱ्या दिवशी ‘आप्पा, विहिरीकडचा तुकडा तरी ठेवा की,’ इतके बोलून तो थांबला, आणि चहा ओतणाऱ्याचा हातही थांबला.

त्या वाक्यातील ‘की’ संहितेत नव्हते, तरी मी ते राहू दिले. ‘मी काम केलो’ असे आपल्याकडे सहज बोलले जाते आणि त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. मात्र पुण्या-मुंबईच्या भूमिकांसाठी प्रमाण मराठीही जिभेवर बसवावी, त्यासाठी रोज १५ मिनिटे मोठ्याने वाचन करावे. कन्नड येत असेल, तर ती जमेची बाजू आहे. कर्नाटकातील हेग्गोडू गावच्या नीनासम या नाट्यसंस्थेत कन्नड माध्यमातून एक वर्षाचे रंगशिक्षण मिळते, राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या बंगळूर केंद्रातही एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, आणि मराठीतून शिकायचे असल्यास पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे. प्रवेशाच्या अटी त्या-त्या वर्षी तपासून घ्याव्यात. तोपर्यंत गावच्या उत्सवातील नाटकात किंवा शहरातील हौशी संस्थेत मिळेल ती भूमिका करावी, पडदा ओढावा, प्रकाशयोजनेला हातभार लावावा. शिक्षण किंवा उत्पन्नाचे दुसरे साधन सोडू नये; सुरुवातीच्या वर्षांत केवळ अभिनयावर घर चालणे अवघड असते.

ऑडिशनसाठी मेकअपशिवाय काढलेली साधी छायाचित्रे आणि एका मिनिटाचा परिचयाचा व्हिडिओ तयार ठेवावा. त्यात नाव, वय, उंची, येणाऱ्या भाषा आणि खेळ सांगून दोन्ही बाजूंनी चेहरा दाखवावा. नोंदणीच्या किंवा ‘नक्की काम देतो’ या नावाखाली पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. वय १८ पेक्षा कमी असल्यास पालकांना बरोबर न्यावे. कोल्हापूरच्या चित्रनगरीत मालिकांचे चित्रीकरण होते, आणि बेळगावहून ते अंतर एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहे. फक्त बस सुटण्याच्या बऱ्याच आधी स्टँडवर पोहोचावे, म्हणजे दुखरा पाय लांब करून बसता येईल अशी जागा मिळते.