चिऱ्याच्या घरात वाय-फाय वरच्या मजल्यापर्यंत कसे न्यावे

गोव्यात फोंडा, डिचोली, पेडणे या भागांत जुन्या घरावर मजले चढवलेली घरे बरीच. खाली चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, जाड भिंती, वर काँक्रीटचे स्लॅब आणि राउटर दर्शनी खोलीच्या कोपऱ्यात, कारण फायबर जोडायला आलेल्याला तीच जागा सोयीची पडली. गणेश चवथीला घर भरले की वरच्या मजल्यावरची पोरे फोन घेऊन जिन्यात बसतात. दुकानदार म्हणतो, सहा अँटेनांचा मोठा राउटर घ्या. घेऊ नका. राउटरच्या ताकदीला सरकारी नियमांची मर्यादा आहे. शिवाय राउटर कितीही मोठ्याने ओरडला तरी फोनचे बारीक उत्तर दोन भिंती ओलांडून त्याला ऐकू जायला हवे ना?

त्यात चिरा सच्छिद्र. पावसाळ्यात तो पाणी धरतो आणि पाणी वाय-फायच्या लहरी शोषते. मे महिन्यात जेमतेम चालणारी खोली जुलैत गळाठली तर नवल नाही. म्हणून भिंतीशी झुंजण्यापेक्षा वायरने तिला ओलांडावे, हे माझे स्पष्ट मत.

आधी मोजणी करा. लॅपटॉप वायरने थेट राउटरला जोडून वेग तपासा. तिथेच रडत असेल तर दोष जोडणीचा, घराचा नाही. मग अँड्रॉइड फोनवर वाय-फाय अ‍ॅनालायझर जातीचे एखादे अ‍ॅप घेऊन, दारे लावून, प्रत्येक खोलीत फिरा आणि आकडे कागदावर लिहा. राउटरजवळ उणे ४० ते ५० डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचे माप, शून्याच्या जितके जवळ तितके चांगले) दिसेल. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो. उणे ८० च्या पुढे वाय-फाय नावालाच.

आता राउटर हलवून पाहा. घराच्या मध्यावर, जिन्यालगत, डोक्याच्या उंचीवर. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर किंवा मोठ्या आरशाजवळ नको. उभ्या अँटेनाचा सिग्नल आडवा पसरतो, त्यामुळे वरच्या मजल्यासाठी एक अँटेना आडवी करून बघा. फायबरची तार स्वतः ओढू नका, तीव्र वळणाने ती आतून तुटते. दुमजली घराचे काम कधीकधी एवढ्यावरच भागते.

नाही भागले तर प्रत्येक मजल्यावर राउटरपासून एकेक कॅट-६ केबल (नेटवर्कची तांब्याची वायर) न्या. खरे काम हेच. १०० मीटरपर्यंत ती एक गिगाबिटच्या पूर्ण वेगाने चालते, म्हणजे कोणत्याही घराला पुरेशी. घेताना शुद्ध तांब्याचीच मागा. स्वस्त केबलमध्ये अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी निघाली तर परत करा. जुन्या डिश टीव्हीच्या केबलची पाइप रिकामी असेल तर उत्तम. विजेच्या वायरींच्या पाइपमध्ये मात्र ही केबल कोंबायची नाही.

बाहेरून न्यायची झाल्यास उन्हात टिकणारी काळी आउटडोअर केबल पीव्हीसी पाइपमधून घ्या. भिंतीचे भोक बाहेरच्या बाजूला उतरते पाडा आणि आत शिरण्याआधी केबलला खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल. नाहीतर आपला पाऊस केबलच्या अंगाने थेट खोलीत येतो. परसातल्या वेगळ्या खोलीपर्यंत न्यायचे असेल तर तांब्याऐवजी फायबर आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारे डबे) वापरा. जवळपास वीज पडली की दोन इमारतींमधली तांब्याची केबल दोन्हीकडची उपकरणे जाळू शकते.

केबलच्या वरच्या टोकाला वाय-फाय पसरवणारा डबा, म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट बसवा, शक्यतो मधल्या पॅसेजच्या छताला. केबलमधूनच वीज घेणारा, म्हणजे पीओई असलेला मिळाला तर तिथे प्लगही लागत नाही. घरात पडलेला जुना राउटरही चालतो: त्याच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोड निवडा. तो नसेल तर त्याचा पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा करा (१९२.१६८.१.१ च्या जागी १९२.१६८.१.२), डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याचे काम) बंद करा आणि केबल वॅन (इंटरनेट आत येण्याच्या) नव्हे, लॅन (घरातली उपकरणे जोडण्याच्या) पोर्टात लावा. नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार सर्व मजल्यांवर एकच ठेवा. २.४ गिगाहर्ट्‌झवर मजल्यागणिक १, ६, ११ असे चॅनेल वाटून द्या आणि रुंदी २० मेगाहर्ट्‌झ. जिना चढल्यावरही फोन खालच्याच राउटरला चिकटून राहत असेल तर खालची ताकद कमी करा. उलटे वाटते, पण इलाज हाच.

वायर टाकणे शक्यच नसेल, भाड्याचे घर असेल, तर मेश संच, म्हणजे आपसात बिनतारी बोलणारे दोन-तीन वाय-फायचे डबे. त्याचा दुसरा डबा सिग्नल मेलेल्या खोलीत ठेवू नका. वाटेत, जिथे सिग्नल अजून दमदार आहे तिथे ठेवा. तीन बँडचा घेतलात तर बरे, एक बँड डब्यांच्या आपसातल्या बोलण्याला मोकळा राहतो. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, म्हणून वेग साधारण निम्म्यावर येतो. विजेच्या वायरींतून इंटरनेट नेणारे अडॅप्टर थ्री-फेज घरात बेभरवशाचे, कारण दोन खोल्या वेगवेगळ्या फेजवर निघतात.

पावसाळ्यात वीज जातेच. पीओई स्विच (केबलमधून वरच्या डब्यांना वीज पुरवणारा) आणि राउटर एकत्र तळमजल्यावर ठेवून एका यूपीएसवर जोडले की सगळे मजले चालू राहतात. राउटरसाठीचा छोटा यूपीएस घेणार असाल तर व्होल्ट आणि अँपिअर लेबलवर पाहून जुळवा. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात, सगळे नाहीत.

वरच्या खोल्या पर्यटकांना देत असाल तर त्यांना गेस्ट नेटवर्क वेगळे द्या. पण जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावला असेल तर त्याचे गेस्ट नेटवर्क पुष्कळदा नुसते नावाला वेगळे असते. पाहुण्याच्या जोडणीवरून तुमच्या कॅमेऱ्याचे किंवा प्रिंटरचे पान उघडते का, ते स्वतः करून पाहा. उघडले, तर त्या मजल्यावर व्हीलॅन (एकाच केबलवर वेगवेगळी नेटवर्के वेगळी ठेवण्याची सोय) हाताळणारा अ‍ॅक्सेस पॉइंट लागेल आणि खालचा राउटर व स्विचही तसेच हवेत.