सरकारी जंगलात एल्कच्या मागावर

कोलोरॅडोतल्या व्हाइट रिव्हर राष्ट्रीय वनात मी एल्कच्या, म्हणजे सांबरासारख्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला जातो. पहिली तीन वर्षं हात हलवत परत आलो. नव्याने जाणार असाल तर शिकारी-शिक्षणाचा कोर्स आणि परवाना आधी उरका. रायफलच्या हंगामात भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी जाकीट-टोपी सक्तीची आहे. मग सगळं लक्ष वाऱ्याकडे.

मी टाल्कम पावडरची छोटी बाटली खिशात ठेवतो आणि सारखी चिमूटभर उडवून बघतो. पहाटे गार हवा उतारावरून खाली येते, ऊन तापलं की वर चढते. पावडर कळपाच्या दिशेने गेली तर निमूट मागे फिरा. माणसाचा वास लागला की एल्क थेट पुढचा डोंगर गाठतात. दुपारी ते उत्तरेकडच्या उतारावर दाट झाडीत बसतात. लेंड्या ओलसर, चकाकत्या दिसल्या तर तिथेच थांबा.

चौथ्या वर्षी बुटाची नाडी बांधून मान वर केली, तर चाळीस पावलांवर नर उभा! नशीबच ते. पण त्याच उतारावरची माझी ती सलग सहावी पहाट होती.

किती आत शिरायचं ते मात्र मांस पाठीवरून आणायचंय हे धरून ठरवा. मला चार खेपा लागल्या, शेवटची हेडलॅम्पच्या उजेडात.